गोमुख मागे सरकते म्हणजे काय होते, आणि तिथवर पोहोचायचे कसे

गंगोत्रीच्या मंदिरापासून गोमुख किती दूर आहे, असे विचारले की 18 किलोमीटर हे उत्तर ठरलेले असते. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते कायमचेही नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील जे. बी. ऑडेन यांनी 1935 मध्ये गंगोत्री हिमनदीच्या मुखाचा, म्हणजेच गोमुखाचा, नकाशा तयार केला, तेव्हा ते मुख आजच्या जागेपेक्षा दीड किलोमीटरहून अधिक खाली, म्हणजे मंदिराच्या तेवढे जवळ होते. त्या काळी चालत गेलेल्या यात्रेकरूला जेथे बर्फाची भिंत लागली असेल, तेथे आज धोंड्यांचा आणि वाळूचा उघडा पट्टा आहे. हिमनदी मागे सरकत आहे हे वाक्य आपण बातम्यांत नेहमी वाचतो, पण ‘सरकणे’ या शब्दामुळेच एक मोठा गैरसमज होतो, म्हणून आधी तो दूर करू आणि मग वाटेकडे वळू. हिमनदीने मागे सोडलेली जमीनच पुढे तुडवायची असल्याने हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत.

गंगोत्री हिमनदी उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. तिची लांबी सुमारे 30 किलोमीटर असून चौखंबा या 7,138 मीटर उंचीच्या पर्वतसमूहाच्या पायथ्याशी तिचा उगम होतो. तेथून ती वायव्येकडे वाहत येते आणि साधारण 4,000 मीटर उंचीवर संपते. ज्या ठिकाणी ती संपते आणि तिच्या पोटातून भागीरथी बाहेर पडते, ते गोमुख. गढवाली लोक हिमनदीला ‘बमक’ म्हणतात. गंगोत्री बमकाच्या खोऱ्यात रक्तवर्ण, चतुरंगी, कीर्ती, स्वच्छंद, मेरू अशी अनेक लहानमोठी बमके आहेत. त्यांपैकी काही आजही मुख्य हिमनदीत मिसळतात, तर काही आटून तिच्यापासून तुटली आहेत. ओढ्याने नदीची साथ सोडावी तसाच हा प्रकार आहे, फक्त तो घडायला अनेक दशके लागतात.

हिमनदी म्हणजे गोठलेली नदी नव्हे. वरच्या भागात दरवर्षी जेवढा हिम पडतो तेवढा वितळत नाही, त्यामुळे थरावर थर साचतात. नव्याने पडलेला हिम पिंजलेल्या कापसासारखा असतो आणि त्यात हवाच अधिक असते. वरच्या थरांच्या भाराने खालची हवा दाबली जाते, कण एकमेकांना चिकटतात आणि वर्षानुवर्षांनी त्यांचा घट्ट, निळसर बर्फ बनतो. हा बर्फ पुरेसा जाड झाला की स्वतःच्या वजनानेच उताराकडे वाहू लागतो. काही प्रमाणात तो आतून, मळलेल्या कणकेसारखा आकार बदलत पुढे सरकतो, तर काही प्रमाणात तळाशी झिरपलेल्या पाण्यावरून घसरतो. हा वेग डोळ्यांना दिसत नाही, परंतु बर्फावर पडलेला एखादा मोठा धोंडा काही वर्षांनी पाहिला तर तो खाली आलेला असतो.

आता तो गैरसमज. हिमनदी मागे सरकते तेव्हा बर्फ मागे जात नाही. बर्फ नेहमी उताराकडेच जात असतो. मागे जाते ते फक्त त्याचे टोक. उन्हाळ्यात सकाळी अंगणातला नळ बारीक सोडून ठेवला तर पाण्याचा ओघळ फरशीवरून पार तुळशी वृंदावनापर्यंत जातो. दुपारी फरशी तापली की तोच ओघळ अर्ध्या वाटेतच सुकतो. नळ तसाच चालू आहे, पाणी पुढेच वाहत आहे, तरीही ओल्या पट्ट्याचे टोक मात्र नळाकडे सरकले आहे. नळ आणखी बारीक केला तर ते अजून अलीकडे येईल. हिमनदीचे मुखही असेच असते. वरून येणारा बर्फ आणि खाली वितळणारा बर्फ यांचा मेळ जेथे बसतो तेथे ती संपते. खालचे वितळणे वाढले किंवा वरचा पुरवठा घटला, की ही जागा वर चढते.

हा मेळ मोजण्याची पद्धत जुनी आणि कष्टाची आहे. बर्फात खोल छिद्रे पाडून बांबूच्या काठ्या रोवतात आणि वितळण्याचा हंगाम सरला की प्रत्येक काठी किती उघडी पडली ते मोजतात. वरच्या भागात खड्डे खणून त्या वर्षीच्या हिमाचा थर किती जाड आणि किती घट्ट आहे ते पाहतात. देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेने याच भागीरथीच्या खोऱ्यातील डोकरियानी या लहान हिमनदीवर अशा नोंदी अनेक वर्षे ठेवल्या आहेत. गंगोत्रीसारख्या अवाढव्य आणि दगडमातीने झाकलेल्या हिमनदीवर हे काम फार अवघड आहे, म्हणून तिच्याबाबत मुखाची जागा आणि उपग्रहांची छायाचित्रे यांवर अधिक भर द्यावा लागतो.

मुखाच्या जागेबद्दल आपल्याकडे बरीच जुनी माहिती आहे, ही या हिमनदीची खासियत म्हणावी लागेल. हॉजसन आणि हर्बर्ट हे ब्रिटिश सर्वेक्षक 1817 मध्ये गोमुखापर्यंत पोहोचले होते. सॅम्युअल बोर्न या छायाचित्रकाराने 1866 मध्ये तिथले छायाचित्र घेतले, तर ऑडेन यांचा नकाशा 1935 चा आहे. तेथून पुढे 1996 पर्यंतच्या 61 वर्षांत मुख 1,147 मीटर मागे गेल्याचे एका अभ्यासात नोंदले आहे, म्हणजे सरासरीने वर्षाला जवळपास 19 मीटर. हा हिशेब 2022 पर्यंत नेला तर एकूण अंतर सुमारे 1.7 किलोमीटर भरते.

सरासरी मात्र फसवी असते. काही वर्षे ही माघार वेगाने झाली, तर 2006 नंतरच्या काही वर्षांत ती लक्षणीय मंदावल्याचे मोजणीत दिसले. अशा वेळी ‘हिमनदी सावरली’ असे मथळे येतात, आणि पुढे एखाद्या वर्षी मुखाचा मोठा तुकडा कोसळला की ‘गोमुख नाहीसे होणार’ असे मथळे येतात. दोन्ही घाईचे आहेत. गंगोत्री हिमनदीच्या खालच्या भागावर दगडमातीचे जाड आवरण आहे. या आवरणाचा परिणाम मोठा गमतीशीर असतो. धुळीचा पातळ थर ऊन शोषून घेतो आणि बर्फ लवकर वितळवतो, पण तोच थर हातभर जाड झाला की तो गोधडीचे काम करतो आणि खालच्या बर्फाचे उन्हापासून रक्षण करतो. त्यामुळे मुख जागच्या जागी राहिल्यासारखे दिसते आणि हिमनदी मात्र वरून खाली पातळ होत जाते. जेथे बर्फाचे उभे कडे उघडे पडतात किंवा पृष्ठभागावर लहान तळी साचतात, तेथे हे आवरण निरुपयोगी ठरते आणि वितळणे जोरात चालते. शिवाय 30 किलोमीटर लांबीची हिमनदी आजच्या हवामानाला आज प्रतिसाद देत नाही. वरच्या भागातील हिमाची घट मुखाशी दिसायला दशके लोटतात. केवळ मुखाकडे पाहून हिमनदीची प्रकृती सांगणे म्हणजे नखे पाहून रोगाचे निदान करण्यासारखे आहे. कधी जमते, नेहमी नाही.

माघारीची कारणेही एकेरी नाहीत. एकोणिसाव्या शतकात जगातील अनेक हिमनद्या मागे हटू लागल्या, कारण त्याआधीची काही शतके पृथ्वी थोडी अधिक थंड होती आणि तो काळ संपत आला होता. त्याहून फार मागे, हिमयुगात, हीच हिमनदी आजच्या गोमुखाच्या सुमारे 40 किलोमीटर खाली, थेट झाला गावापर्यंत पोहोचत होती. म्हणजे हिमनद्यांचे वाढणे-घटणे निसर्गाला नवे नाही. विसाव्या शतकापासून त्यात माणसाने घडवलेल्या तापमानवाढीची भर पडली आणि आता तिचेच पारडे जड झाले आहे. हवा तापली की केवळ वितळणे वाढत नाही, तर जो पाऊस हिम होऊन पडायचा तो पाणी होऊन पडतो. याचे नुकसान दुहेरी असते. साठ्यात भर पडत नाही, आणि ताजा पांढरा हिम ऊन परतवून लावायचा तेही थांबते. त्यात काजळीची भर पडते. वाडिया संस्थेने गोमुखाच्या वाटेवरील चिरबासा येथे 2016 मध्ये हवेतील काजळी मोजली तेव्हा ती मे महिन्यात सर्वाधिक आणि ऑगस्टमध्ये सर्वांत कमी आढळली. उत्तराखंडातील जंगलांचे वणवे उन्हाळ्यातच पेटतात आणि पाऊस हवा धुऊन काढतो, हे लक्षात घेतले की हा चढउतार उलगडतो.

येथे एका जुन्या चुकीची आठवण ठेवणे योग्य ठरेल. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीच्या 2007 च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील असे विधान छापले गेले. त्याला आधार नव्हता आणि 2010 मध्ये समितीने ती चूक मान्य केली. त्या चुकीचा आधार घेऊन ‘सगळेच खोटे’ म्हणणारेही पुढे आले. पर्वतप्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेने 2019 मध्ये मांडलेला अंदाज अधिक जबाबदार आहे. जागतिक तापमानवाढ 1.5 अंशांवर रोखली तरी या शतकाअखेर हिंदुकुश-हिमालयातील सुमारे एक तृतीयांश बर्फ जाईल, आणि उत्सर्जन तसेच चालू राहिले तर दोन तृतीयांश. हेही पुरेसे गंभीर आहे, त्यासाठी 2035 ची गरज नव्हती.

‘मग गंगा आटणार का?’ हा प्रश्न देवघरात गंगाजलाचा सीलबंद गडू असलेल्या घरांत हमखास विचारला जातो. गोमुखापाशी आणि गंगोत्रीपाशी वाहणारे उन्हाळ्यातील पाणी प्रामुख्याने हिम आणि बर्फ वितळूनच येते. पण देवप्रयागला भागीरथीला अलकनंदा मिळते, पुढे मैदानात असंख्य उपनद्या मिळतात, आणि तेथील प्रवाहाचा बहुतांश भाग पावसाचा आणि भूजलाचा असतो. बर्फ घटल्याचा फटका आधी डोंगरातील गावांना, वीजप्रकल्पांना आणि पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांना बसेल. पाटण्यापर्यंत जाता जाता तो बराच विरळ झालेला असेल.

आता वाट. हिमनदी दरी कोरत जाते तेव्हा तिचा तळ रुंद आणि कडा उभ्या होतात, म्हणून अशा दरीचा छेद इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो. बर्फ असेपर्यंत तो या कड्यांना बगलेतून आधार देत असतो. तो गेला की कडे सुटे पडतात, आणि हिमनदीने कडेला लोटून ठेवलेल्या दगडमातीचे ढिगारे, ज्यांना भूगोलात हिमोढ म्हणतात, उतारावर कसेबसे तोललेले राहतात. गंगोत्री ते गोमुख या पायवाटेवरील जवळजवळ प्रत्येक धोका यातून निर्माण झाला आहे. दगड पडतात ते बर्फाने सोडून दिलेल्या उतारांवरून, आणि ओढे अचानक फुगतात ते वरच्या लहान बमकांच्या वितळण्याने. सहलीच्या माहितीपत्रकांत वाटेचे वर्णन ‘सोपी ते मध्यम’ असे असते. चढाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, जमिनीच्या दृष्टीने नाही.

महाराष्ट्रातून निघणाऱ्यांना मुंबईहून हरिद्वारला थेट रेल्वे मिळते. विमानाने जायचे तर देहरादूनचा जॉली ग्रँट विमानतळ जवळचा आहे. ऋषिकेशहून गंगोत्रीपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर एका दिवसात कापणारे वाहनचालक भेटतात, परंतु उत्तरकाशीला मुक्काम करणे शहाणपणाचे आहे. उत्तरकाशीपुढील शंभर किलोमीटरचा रस्ता मनेरी, भटवाडी, गरम पाण्याच्या कुंडाचे गंगनानी, सुखी, झाला, हर्षिल, धराली आणि भैरोघाटी असा चढत जातो. झाल्याच्या पुढे दरी एकाएकी रुंद होते. हिमयुगातील हिमनदी इथवर आली होती हे मनात ठेवून पाहिले तर त्या रुंदीचा अर्थ वेगळाच लागतो. याच रस्त्यावरील धराली गावावर 5 ऑगस्ट 2025 रोजी खीरगंगा ओढ्याचा लोंढा कोसळला आणि बाजारपेठेचा मोठा भाग काही क्षणांत गाडला गेला. महाराष्ट्रातून गेलेले यात्रेकरूही त्या वेळी वरच्या भागात अडकले होते. पावसाळ्यात हा प्रवास टाळावा, असे येथे सांगण्यामागे एवढे कारण पुरे आहे. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ बरा. मंदिर अक्षय तृतीयेला उघडते आणि दिवाळीनंतर बंद होते. मग देवीची उत्सवमूर्ती मुखबा गावात नेतात.

चारधाम यात्रेची नोंदणी गंगोत्रीला जाण्यासाठी करावीच लागते, पण तिने गोमुखाची वाट उघडत नाही, आणि अनेकांची फसगत होते ती येथेच. गोमुख हे 1989 मध्ये घोषित झालेल्या गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येते. त्यासाठी उद्यानाचा स्वतंत्र परवाना लागतो आणि दिवसाला 150 जणांनाच तो देण्याची मर्यादा वन विभागाने 2008 पासून घातली आहे. ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवाव्यात आणि सुट्टीच्या दिवसांत परवाना आधीच काढावा. गंगोत्रीहून साधारण 2 किलोमीटरवर कनखू येथे चौकी आहे, तेथे परवाना आणि सामान तपासले जाते.

गंगोत्री सुमारे 3,100 मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. समुद्रसपाटीवरून तीन दिवसांत इथे आलेल्या शरीराला विरळ हवेची सवय झालेली नसते, म्हणून गंगोत्रीत किमान एक पूर्ण दिवस थांबावे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे दिसली तर वर जाऊ नये, आणि ती वाढली तर खाली उतरावे. यावर दुसरा भरवशाचा उपाय नाही. आधीपासून एखादे औषध घ्यायचे असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

पायवाट भागीरथीच्या उजव्या तीरावरून जाते, म्हणजे चढताना नदी आपल्या उजव्या हाताला राहते. नवव्या किलोमीटरवर चिरबासा लागते, हे नाव चिडाच्या झाडांवरून पडले आहे. चौदाव्या किलोमीटरवर, सुमारे 3,800 मीटर उंचीवर भोजबासा आहे. भोजपत्राच्या ज्या वृक्षांवरून त्याला हे नाव मिळाले, ते जळणासाठी आणि इतर कामांसाठी इतके तोडले गेले की नाव उरले आणि झाडे विरळ झाली. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी तेथे भोजवृक्षांची पुन्हा लागवड करण्याचे काम अनेक वर्षे नेटाने केले. या दोन ठिकाणांच्या मधला ‘गिला पहाड’ नावाचा टप्पा सुट्या दगडांचा आहे. तेथे फोटोसाठी थांबू नये, आणि ऊन चढण्याआधी तो पार करावा, कारण रात्री गोठून घट्ट बसलेले दगड दुपारी मोकळे होतात. ओढ्यांचेही तसेच आहे. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारनंतर गुडघ्यापर्यंत येऊ शकते. जुलै 2024 मध्ये चिरबासाजवळच्या ओढ्यावरील तात्पुरता पूल वाहून गेला आणि पलीकडे अडकलेल्यांना बचाव दलाला बाहेर काढावे लागले होते.

भोजबासा येथे गढवाल मंडल विकास निगमचे विश्रामगृह आणि लाल बाबांचा आश्रम आहे. तेथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे उरलेले 4 किलोमीटर चालावे. एका दिवसात जाऊन येणारेही असतात, पण 36 किलोमीटरची ती धावपळ केल्यावर गोमुखापाशी उभे राहण्यासाठी दहा मिनिटेही उरत नाहीत. शेवटच्या टप्प्यात भागीरथी शिखरे समोर असतात आणि वाट हळूहळू धोंड्यांच्या पसाऱ्यात विरून जाते. जुन्या मुखाच्या जागा दाखवणारी साले काही शिळांवर रंगवलेली दिसतात, ती पाहत पुढे जावे. एका सालापासून दुसऱ्या सालापर्यंत आपली किती पावले पडतात हे मोजले, तर वर दिलेले मीटरांचे आकडे पायांना कळतात.

पोहोचल्यावर अनेकांची निराशा होते. शुभ्र हिमशिखरातून कोसळणारी धार मनात असते आणि समोर दिसते ती करड्या चिखलाने माखलेली, दगड चिकटलेली बर्फाची मळकट भिंत. गाईच्या मुखासारखा आकारही आता शोधावा लागतो, कारण तो दरवर्षी बदलतो. जुलै 2016 मध्ये या भिंतीचा मोठा भाग कोसळला आणि बर्फाचे तुकडे वाहत थेट गंगोत्रीपर्यंत आले. पुढल्याच वर्षी मुसळधार पावसात मेरू बमकाकडून आलेल्या दगडमातीच्या लोंढ्याने मुखासमोर ढीग घातला आणि प्रवाहाची जागाच बदलली. त्यामुळे भिंतीच्या अगदी खाली जाऊन स्नान करणे किंवा गडू भरणे हे भक्तीचे नव्हे, निष्काळजीपणाचे काम आहे. फलक जेथे थांबायला सांगतो तेथे थांबावे. पाणी तेच आहे, ते दोनशे पावले खालीही मिळते.

ज्यांना आणखी वर, शिवलिंग शिखराच्या पायथ्याशी सुमारे 4,400 मीटर उंचीवरील तपोवनात जायचे असते, त्यांना वेगळी परवानगी आणि जाणता वाटाड्या लागतो. पूर्वी लोक गोमुखाच्या वर चढून हिमनदीच्या पाठीवरून पलीकडच्या तीरावर जात. आता मुखाजवळचा बर्फ भेगाळला असल्याने भोजबासा येथे दोरावर ओढायच्या पाळण्यातून भागीरथी ओलांडून डाव्या तीराने जाण्याकडे कल आहे. त्या तीरावर आखीव पायवाट नाही. हिवाळ्यातील हिम आणि पावसाळ्यातील दरडी जुन्या खुणा पुसून टाकतात, आणि मे महिन्यात हंगाम सुरू झाला की वाटाड्यांना दगडांवर दगड रचून ती वाट नव्याने लावून घ्यावी लागते.